कुणीतरी हललं असेल

परवा नातवानं विचारलं, आपल्या परभणी जिल्ह्यात तुमच्या तरुणपणी तो छोटा जर्मन कॅमेरा किती जणांकडं होता? त्याच्या हौशी मित्रमंडळींत म्हणे तसले जुने कॅमेरे आता पुन्हा मानाचे झाले आहेत. दोन खिडक्यांचा, आत दोन प्रतिमा दिसणारा आणि कडं फिरवलं की त्या दोन्हींची एक होणारा. मी बोटांवर मोजले आणि सांगितलं, माझ्या माहितीत तीन. एक डॉक्टरांकडं, एक मानवतच्या जिनिंगवाल्या शेटजींच्या मुलाकडं आणि एक रस्त्यांच्या खात्यातल्या मोईनसाहेब इंजिनिअरांकडं. "आणि फोटोग्राफरांकडं?" त्यानं विचारलं. एकाकडंही नाही, म्हटलं. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं, फोटोवर पोट असलेल्या माणसाला तो कॅमेरा का परवडत नसे, नुसता पैशानं नव्हे तर धंद्याच्या रीतीनंही. बऱ्याच गोष्टी सांगितल्या. एक मात्र सांगितली नाही. ती आजवर घरात कुणालाच सांगितलेली नाही आणि समोर बसलेल्या माणसाला सांगण्याची माझी हिंमत अजूनही होत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचा धंदा फोटोचा. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. स्टेशनच्या रस्त्यावर पुढं दुकान आणि मागं घर, मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. पाटीवर नाव वर उर्दूत आणि खाली मराठीत. नानांचा कॅमेरा म्हणजे सागवानी पेटी, पुढं चामड्याचा भाता, भात्याच्या टोकाला पितळी भिंग आणि भिंगावर टोपी. नाना काळ्या कापडात डोकं घालून मागच्या दुधी काचेवर बघत. काचेवर माणसं उलटी दिसायची, डोकं खाली आणि पाय वर. ती स्वच्छ दिसेपर्यंत नाना भाता पुढंमागं करत राहायचे. मग काचेची प्लेट आत सरकवायची, बाहेर येऊन "हलू नका" म्हणायचं, टोपी काढायची, मोठ्यानं आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायची. बस, झाला फोटो. ते आकडे पडद्याआड स्वयंपाकघरात ऐकू येत. नाना तीनवर थांबले की आई समजायची, ऊन चांगलं आहे. आठ-नऊपर्यंत गेले की ती हातातली भाकरी तव्यावर टाकून अंगणातलं वाळवण उचलायला धावायची, कारण बाहेर आभाळ आलेलं असायचं. आमच्या येसराच्या आमटीला आणि धपाट्यांनाही औषधांचा किंचित वास येतो, असं पाहुणे म्हणत. आम्हाला तो कधी आला नाही. आई मात्र नानांशी भांडायची ती पाण्यावरून. प्लेटा धुवायला गोड्या विहिरीचं पाणी लागे आणि ते तिनं भरून ठेवलेल्या हंड्यांतूनच जाई.

"हलू नका" हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य असावं. पायातला काटा काढताना, केस कापताना, तापातल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतानासुद्धा नाना तेच म्हणायचे. त्याच्याच जोडीला दुसरं वाक्य होतं. फोटो बिघडला की नाना गिऱ्हाइकाला सांगत, "कुणीतरी हललं असेल." ते बहुतेक वेळा खरंच असे. आठ आकडे मोजेपर्यंत पोरंसोरं, म्हातारी माणसं हलणारच. सगळ्या जिल्ह्याला हे माहीत होतं की हललं की फोटो बिघडतो, आणि दोष हलणाऱ्याचा. घरचा आणखी एक नियम होता: काम झालं की भाता मिटायचा, क्षणभरही उघडा ठेवायचा नाही. आमच्याकडची काळी धूळ उन्हाळ्यात कुठं शिरत नाही ते विचारा. मला चालता येऊ लागल्यापासून हे मिटणं माझ्या हातात बसलेलं होतं.

मी मॅट्रिक होऊन नानांबरोबर दुकानात उभा राहू लागलो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मोईनसाहेब तेव्हा आमच्याकडं येऊ लागले. हौशी माणूस. दौऱ्यावर चारठाण्याला गेले की तिथल्या जुन्या देवळांचे खांब न् खांब टिपून आणायचे आणि रिळं आमच्याकडं धुवायला द्यायचे. लढाईमुळं फिल्म मिळत नसे, पण त्यांचा कुणी मेहुणा हैदराबादेत होता, तो कुठून तरी आणून द्यायचा. त्यांचा तो जर्मन कॅमेरा मुठीत मावायचा. नाना त्याच्याकडं आदरानं बघत, पण आपल्या कामाचा नाही म्हणत. त्यांचं म्हणणं खरं होतं. निगेटिव्ह टपाल तिकिटाएवढं, त्यावरच्या नखाएवढ्या चेहऱ्यावर पेन्सिल कशी फिरवणार? गिऱ्हाइकाला तर सुरकुत्या गेलेल्या हव्यात आणि मिशा काळ्या. शिवाय एवढीशी डबी डोळ्याला लावून टिचकी मारणाऱ्याला कोण फोटोग्राफर म्हणेल? पेटी, तिच्याखालचं तीन पायांचं तिकाटणं आणि काळं कापड दिसलं की लोकांना वाटायचं, काहीतरी घडतंय. पुढं हैदराबादला वर्तमानपत्रवाल्यांच्या गळ्यात मी तेच कॅमेरे पाहिले, तेव्हा ते धंद्याचेही झाले होते. पण आमच्या परभणीत तेव्हा ती साहेबलोकांची हौस होती, आणि मला साहेब व्हायचं होतं. सागवानी पेटी खांद्यावर घेऊन मोटारीत चढताना मला हमालासारखं वाटायचं. वडिलांच्या धंद्याची लाज वाटणं ही माझी पहिली चूक. बाकीच्या तिच्यातूनच निघाल्या.

मोईनसाहेबांचा माझ्यावर जीव होता. आठ दिवसांसाठी हैदराबादला जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि आतलं रीळ संपव म्हणाले. त्याचं भिंग एका नळीत बसवलेलं होतं. नळी आत ढकलली की कॅमेरा खिशात मावे. फोटो काढण्याआधी ती बाहेर ओढून, फिरवून अडकवावी लागे. "मियाँ, पैले नली खींचना, फिर घुमाना. भूले तो सब धुआँच धुआँ आताय, और खिडकी में से तो बराबर दिखताय," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. म्हणजे मला सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. त्या खिडकीतून बघताना मी हरखून गेलो होतो. आईचा चेहरा एकाचे दोन दिसायचे आणि कडं फिरवलं की अलगद एकावर एक बसायचे. दोन दिवस मी घरभर तेच करत हिंडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या जिंतूरच्या मोटारीनं बोरीहून माणूस आला. नागनाथअप्पांच्या घरी अव्वा वारल्या होत्या. अप्पा बोरीचे कापडाचे व्यापारी, आमच्या नानांचे जुने ओळखीचे. अव्वा म्हणजे त्यांच्या पत्नी, सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. लिंगायत समाजात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, फुलं वाहतात आणि बसलेल्याच स्थितीत समाधी देतात. त्याआधी फोटो काढायची रीत पैसेवाल्या घरांत पडली होती. पुष्कळांच्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचाच फोटो असे. अव्वांचाही तसाच होता. फोटोनं आयुष्य कमी होतं असं मानून त्यांनी जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवलं नव्हतं. नाना हिवतापानं पडलेले. त्यांनी अंथरुणातूनच सांगितलं, "पेटी घेऊन जा. दोन प्लेटा भर. काचेवर नीट बघितल्याबिगर टोपी काढू नको." मी हो म्हणालो. त्यांना ग्लानी आल्यावर पेटी तिथंच ठेवली आणि जर्मन कॅमेरा गळ्यात अडकवला. दारात आईनं विचारलं, "पेटी न्हाई नेत?" मी म्हटलं, "हा तिच्यापेक्षा भारी आहे."

बोरीला पोचलो तेव्हा अव्वांना ओसरीवर भिंतीशी बसवलेलं होतं. स्वामी मंत्र म्हणत होते, भस्माचा आणि झेंडूचा वास दाटलेला. अव्वांची मान सारखी एका बाजूला कलत होती म्हणून त्यांची सून गिरजा मागं गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होती. ती माझ्याच वयाची. लहानपणी लग्न होऊन आलेली, आईविना पोर, अव्वांनीच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलेली, असं मागून कळलं. अप्पांनी मला बघून विचारलं, "पेटी कुठं हाय? कापड न्हाई घेणार डोक्यावर?" मी कॅमेरा दाखवला. "एवढ्याशा डबीत माणूस मावतंय का रं?" ते म्हणाले. मी जरा हसलोच. मयताच्या घरी, बायको गेलेल्या माणसासमोर हसलो. मग त्यांना आणि जमलेल्या चार माणसांना मी ती नळी ओढून दाखवली, खिडकीतून बघायला दिलं, जर्मनीत कसा बनतो ते सांगितलं. तेवढ्यात माणसं अंगणातून फुलांची पाटी घेऊन आली, धूळ उठली आणि माझ्या हातानं आपलं रोजचं काम केलं. भाता मिटतात तशी नळी आत ढकलली. मला ते कळलंसुद्धा नाही.

"आटपा, वेळ व्हायलीय," स्वामी म्हणाले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. अव्वांचे दोन चेहरे दिसले, कडं फिरवलं, ते एक झाले. कपाळावरच्या भस्माच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या इतकं स्वच्छ. नानांच्या पेटीत मी ही चूक करूच शकलो नसतो. दुधी काच भिंगातून येईल तेच दाखवते, भाता मिटलेला असला तर तिच्यावर काहीही दिसत नाही. या कॅमेऱ्याची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. मी "हलू नका" म्हणालो. खरं तर त्या कॅमेऱ्याला तसं सांगायची गरजही नव्हती, पापणी लवायच्या आत त्याचं काम होई. पण गिरजानं श्वास रोखून धरला. तिच्या दंडाच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. मी सहा फोटो काढले आणि सहाही वेळा ती दगडासारखी स्थिर राहिली. हे मी आज शपथेवर सांगतो, तेव्हा सांगितलं नाही. निघताना ती दारापाशी आली आणि हळूच विचारलं, "चांगला आला का वो?" मी म्हणालो, "एकदम."

फिल्म धुतली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. ओली पट्टी खिडकीशी धरली. सहाच्या सहा चौकटींत नुसता धूर. एक फिकट ढेप, तिच्यामागं दुसरी ढेप, चेहरे कुठंच नाहीत. मोईनसाहेबांचा शब्द न् शब्द आठवला. अव्वांना काल संध्याकाळीच समाधी दिलेली होती. नाना भिंतीला धरत आले, पट्टी हातात घेतली आणि काय झालं म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "कुणीतरी हललं असेल." नानांनी बराच वेळ पट्टी उजेडाकडं धरली. मग म्हणाले, "भिंतबी हलली का रं?" अव्वांच्या मागची भिंत, तिच्यातला कोनाडा, सगळंच पुसलेलं होतं. मी मान खाली घातली आणि नळीचं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "उद्या बोरीला जा. चूक माझी झाली म्हण, अप्पांच्या पाया पड. शिव्या देतील, खा. मी आलो असतो, पण हे तूच सांगायला पायजे."

मी गेलो. खरंच सांगायच्या इराद्यानं गेलो, मोटारीत वाक्यं जुळवत. पण अप्पांच्या घरी सांत्वनाला आलेली माणसं ओसरी भरून बसली होती आणि मला बघताच अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी उठून माझ्यासाठी जागा केली. "आनलास का? दाव," म्हणाले. हात पुढं केलेला. मी म्हणालो, "अप्पा, फोटो नाही आला." अप्पांनी विचारलं, "का न्हाई आला?" आणि मग मी ते वाक्य बोललो, आमच्या घराचं, नानांनी हजारदा खरं म्हणून वापरलेलं. "कुणीतरी हललं असेल."

अव्वा तर हलणार नव्हत्या. अप्पांची बहीण खांबाशी बसली होती, ती म्हणाली, "मागं कोण धरून बसलं होतं?" सगळ्यांनी माजघराच्या दाराकडं बघितलं. गिरजा तिथं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, माझ्यासाठीच आणलेला. ती म्हणाली, "मी न्हाई हलले." मग तिनं सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषाकडं सरळ बघून मला विचारलं, "तुमीच सांगा, तुमी बघायलता की. मी हलले का?"

एवढ्या वर्षांत मी त्या प्रश्नाला किती उत्तरं देऊन पाहिली आहेत. आंघोळ करताना, पूजेला बसलो असताना, भर बाजारात. तेव्हा दिलेलं एकच आहे. मी म्हणालो, "तसं सांगता येत नाही."

घरी आल्यावर नानांनी विचारलं, सांगितलंस का? मी सांगितलं म्हणालो. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि आईला म्हणाले, "पोरगं सुधरलं." त्या दिवशी त्यांना तापानंतर पहिल्यांदा भूक लागली. आईनं येसराची आमटी केली होती, ते दोन वाट्या प्याले. तेवढ्यावर विसंबून त्यांनी पुढं दुकान माझ्या हाती दिलं आणि जाईपर्यंत लोकांना सांगत राहिले की आमचा मुलगा चूक कबूल करणारा आहे. मोईनसाहेबांनाही मी फिल्म खराब निघाली म्हणून सांगितलं. त्यांनी हैदराबादच्या मेहुण्याला पत्रातून झापलं. निजामी गेली त्या सुमारास ते परभणी सोडून गेले, पुन्हा भेट नाही.

बोरीचं गिऱ्हाईक दुकानात आलं की मी आडवळणानं अप्पांच्या घरची चौकशी करत असे. गिरजाला कुणी मारलं नाही, हाकललं नाही. अप्पा तसे सज्जन होते. फक्त दरवर्षी अव्वांच्या तिथीला, पाटावर फोटोच्या जागी नुसता तांब्या मांडताना कुणीतरी म्हणे, अव्वांचा फोटू राहिला असता पण गिरजा हलली. वर्षातून एकदा. असं वर्षानुवर्षं. नाना गेल्यावर चार-पाच वर्षांनी अप्पांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला मला बोरीला बोलावलं. मी पेटी घेऊन गेलो, जर्मन कॅमेऱ्याला मी त्यानंतर हात लावला नव्हता. सगळ्या घराचा एकत्र फोटो घ्यायचा ठरला. मी काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर सगळं कुटुंब उलटं बसलेलं, रांगेच्या टोकाला गिरजा, कडेवर पोर. अप्पा हसत हसत म्हणाले, "गिरजे, तू बाजूला हो माय. तू हलतीस." माणसं हसली, थट्टाच होती. तिनं पोर जावेच्या मांडीवर दिलं आणि काचेच्या कडेकडून बाहेर गेली. कापडाच्या आत मी एकटाच होतो, मला कुणी बघत नव्हतं, रडलो असतो तरी चाललं असतं. मी बाहेर आलो, हलू नका म्हणालो आणि टोपी काढली.

मी स्वतः आजोबा झालो तेव्हा कुठं मला बोरीची एसटी धरायचं बळ आलं. बळ कसलं, मरायच्या आधी ओझं उतरवावं एवढीच इच्छा, म्हणजे तीही स्वतःसाठीच. अप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती. अप्पांची बहीण गेली होती, गिरजाचा नवरा आदल्याच वर्षी गेला होता. घराच्या पुढच्या खोलीत भिंतभर फोटो होते, मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे. तिचा एकही नव्हता. ती बाहेर आली. केस पिकलेले, कपाळावर भस्म, मला तिनं लगेच ओळखलं. मी बसलो आणि इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगितलं, नळीचं, धुराचं, भिंतीचं, नानांनी काय सांगून पाठवलं होतं तेही. म्हणालो, "तुम्ही हलला नव्हतात. एकदासुद्धा नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं शिव्या देईल, मी त्याच ऐकायला गेलो होतो. मग ती सावकाश म्हणाली, "मलाबी ठावं होतं. पण लय वर्सं झाल्यावर मलाच वाटाय लागलं, हललेच असंल." पुढं म्हणाली, "सासरे होते तवा सांगायचं होतं की वो. मालक परवा-परवापस्तोर होते. आता म्या कुणाला सांगू?"

तिनं आत हाक मारून सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. तो पिऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.